उलाळ

"आधी चालू दे, मग नारळ," सहादू म्हणाला आणि कुसाबाईनं आणलेला नारळ त्यानं स्वतःच्याच मांडीवर ठेवून घेतला.

नारळ न फोडता बोट पाण्यात ढकललेली धरणाच्या काठावर कुणी पाहिली नव्हती. पण सहादू थोरला भाऊ, बापामागं राहिलेल्या बोटीत निम्मा वाटा त्याचा, आणि भंगारवाल्याचा टेम्पोही त्यानंच बोलावलेला. टेम्पो वर रस्त्याला कॅसेट वाजवत उभा होता. भावाभावांत ठरलं होतं ते एवढंच: बोटीनं पलीकडच्या पाड्याला जायचं आणि परत यायचं. आली तर ठेवायची. नाही आली तर आजच्या आज लोखंडाच्या भावात जाऊ द्यायची.

धाकट्या बुधानं अख्खा उन्हाळा तिच्यात घातला होता. अंबडच्या कंपनीतून सुटला की कपडेही न बदलता तो बोटीखाली शिरायचा. सडलेला पत्रा कापून त्यानं नवा जोडला. पोटातलं मेलेलं डिझेल इंजिन साखळीनं उपसून काठावर टाकलं, पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याचं भोक बुजवलं आणि मुंबईहून आणलेलं जुनंच, पण गुणाचं मशीन बोटीच्या पाठीला टांगलं. गंज घासून घासून त्याच्या बायकोच्या, कुसाबाईच्या हाताची सालटं निघाली. तिचं माहेर पलीकडच्या पाड्यावरचं. बोट बंद पडल्यापासून तिथल्या माणसाला बाजारातून घरी जायचं तर पाण्याला वळसा घालून अर्धा दिवस तुडवावा लागे. तिला ही बोट हवी म्हणजे हवीच होती.

बुधानं दोरी ओढली. मशीन खोकलं. पुन्हा ओढली, आणि ते असं गरजलं की काठावरचे बगळे उडाले. बाजार करून परतीला निघालेल्या पलीकडच्या पाड्यावरच्या बाया पिशव्या खाली ठेवून बघत होत्या, त्या ओरडल्याच.

पण बोट निघाली ती नाक आभाळाकडं करून. सहादू अंगानं भरलेला, आणि खोट निघालीच तर आपल्या डोळ्यांनी दिसावी म्हणून मशीनला खेटून बसलेला. बुधाही तिथंच. पुढं चिटपाखरू नाही. मागची कड पाण्याला टेकली, भळकन पाणी आत आलं आणि बुधानं घाईनं मशीन बंद केलं.

"बघ," सहादू धोतर वर धरत म्हणाला. "बानं पोटात ठिवलेलं इंजिन तू काढलंस. तवा कशी सरळ चालायची!"

बुधाचं तोंड उतरलं. पत्र्याचा इंच न् इंच त्यानं तपासला होता, पण पोटातलं इंजिन गेलं म्हणजे पोटातलं वजनही गेलं, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. बोट वल्ह्यानं काठाला लावताना तो कुणाकडंच बघेना. वरून टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला.

कुसाबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. वर उठलेल्या नाकाकडं ती जरा वेळ बघत राहिली.

"अवो, ही तर उलाळ झालीय," ती म्हणाली. "गाडीत मागं वझं जास्त झालं, जू वर उठलं, बैलाला फास बसाया लागला, की काय करता? पुढं माणूस बसवता ना?"

बुधानं मान वर केली.

"चला गं," ती बायांना म्हणाली. "पिशव्या घ्या न् पुढं बसा."

"नाकावर बाई नाय बसायची!" सहादू ओरडला. "कुंकू लागतं तिथं बाईचा पाय नको. बाचा नेम हाय."

"मंग तुमी या पुढं, भावजी."

सहादूनं पुढं पाहिलं. टोक अरुंद होतं, दोन्ही अंगांना पाणीच पाणी, आणि जन्म काठावर काढूनही त्याला पोहता येत नव्हतं. त्यानं मशीनशेजारची फळी घट्ट धरली.

"मी हितंच बरा."

"मंग नेमाला मीच बघते," म्हणत कुसाबाई चढली आणि थेट नाकावर जाऊन बसली. तिच्यामागं तांदूळ, मीठ, तेल घेऊन बाया चढल्या. "माझी एकलीचीच भर अर्ध्या इंजिनाची हाय," म्हणत साळूबाई फतकल मारून बसली, तशी बोट हसल्यासारखी हलली आणि पाण्यावर सपाट झाली.

बुधानं दोरी ओढली. या वेळी बोट पाणी कापत निघाली. काठ मागं पळाला, टेम्पोतली कॅसेट ऐकू येईनाशी झाली. समोर माहेरचा पाडा मोठा मोठा होत होता आणि कुसाबाईला रडू येत होतं, पण ती हसतच होती. पाड्यावरची माणसं पाण्यापर्यंत धावत आली.

बाया उतरल्या. त्यांच्यामागून कुसाबाईही उठली.

"कुसा, तू उतरू नको," सहादू म्हणाला. मग तो स्वतःच उठला, नारळ काखेत धरून, वाकत वाकत, देवाचं नाव घेत मधल्या फळीपर्यंत आला आणि तिथं बसला. "चल रे बुधा."

बोट परत काठाला लागली तेव्हा टेम्पोवाला खाली येऊन उभा होता.

"काय मग, भरायची ना?"

"भर की," सहादू म्हणाला. "ते तिथं जुनं इंजिन पडलंय, ते भर."

तो धोतर सावरत पाण्यात उतरला आणि नारळ घेऊन बोटीच्या नाकापाशी आला. कुसाबाई लगबगीनं पाय काढून घेऊ लागली.

"ऱ्हाऊ दे पाय," सहादू म्हणाला, आणि त्यानं नारळ तिच्या पायाशेजारी नाकावर आपटला.