कोपऱ्यातली वाटी

रेवाच्या मेंदूतल्या गाठीचा तुकडा शर्वाणीनं प्रयोगशाळेत वाढवून इवल्याशा वाट्यांमध्ये वाटला होता. प्रत्येक वाटीत वेगळं औषध. ज्यानं गाठ मरेल, तेच पोरीला द्यायचं. कोपऱ्यातली एक वाटी तेवढी रिवाजाप्रमाणे बिनऔषधाची, तुलनेसाठी.

आज एक औषध लागू पडलं, तशी ती धावतच वॉर्डात आली. "सापडलं, ताई!" ऐकताच रेवाच्या आईनं ओढणीत तोंड लपवलं.

रेवा मात्र भिंतीकडे तोंड करून पडली होती. "कडूजहर होतं ते, मावशी," ती पुटपुटली. "त्या वाटीतला रडून रडून गप्प झाला. कोपऱ्यातल्याला तुम्ही काहीच दिलं नाहीत. तो मजेत वाढतोय."

वाट्यांबद्दल शर्वाणीनं इथे कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता.

"उद्यापासून तुझं औषध सुरू करू हं," ती कशीबशी म्हणाली. "मग तुझ्या डोक्यातलाही गप्प होईल."

रेवानं दचकून डोक्यावरच्या पट्टीवर दोन्ही हात दाबले, दुसऱ्या कुणाचे कान झाकावेत तसे.

"हळू बोला ना, मावशी! ऐकतोय तो."