येसूबाईचा बिबट्या

"कौल लागूदे न्हायतर न लागूदे, हिची पिशवी रिक्षात ठेव," येसूबाईनं मुलाला फर्मावलं.

रितेश जागचा हलला नाही. न्हावा शेव्याला चाळीस फुटी कंटेनर घेऊन घाटाएवढं वळण घेणारा गडी. पण आईसमोर त्याला मान वळवायची चोरी.

गावदेवीच्या देवळात सकाळीच सगळी वाडी जमली होती. गुरव कोंडाजीनं देवीच्या पाषाणाला दोन ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर सून माहेरी. डावी पडली तर सून घरी. पूनमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. ती पायरीपाशी उभी होती आणि तिच्याकडे सरळ बघणारं एकही माणूस नव्हतं.

येसूबाईचा आवाज असा, की बांधावरचे खेकडे आपलं बीळ सोडून शेजाऱ्याच्या बिळात शिरतील. त्या आवाजात तिनं गाऱ्हाणं घातलं. सून पोराला अंगाला हात लावू देत नाही. जवळ गेला की किंचाळते. भगत झाला, अंगारे झाले, कोंबडं उतरवून झालं. आता ही टवळी माणगावच्या डॉक्टरणीकडनं नवीन थेर शिकून आली, म्हणे हा आजार हाय. असला आजार कुठल्या बाईनं ऐकला होता का? बायका निमूट माना हलवत राहिल्या.

हलवतील नाहीतर काय. येसूबाईशी वाद घालायला छाती लागते. ती बिबट्याला न भ्यालेली बाई.

रितेशच्या अवघड बाळंतपणातनं, टाक्याबिक्यांतनं ती उठली, त्याच पावसात तो बिबट्या पहिल्यांदा गोठ्यामागं आला. तेव्हापासून ती नवऱ्याची खोली सोडून गोठ्यात झोपायची, उशाला कोयता घेऊन. पहिल्या वर्षी बिबट्या बोक्याएवढा होता. रितेश शाळेत जायला लागला तोवर तो रेड्याएवढा झाला. पुढं पुढं तर तो छपरावर बसला की त्याची शेपूट विहिरीत भिजायची, आणि येसूबाई ती धरून त्याला गरगर फिरवून डोंगरापल्याड टाकायची. वासरू एकही कमी झालं नाही, ही तिची मर्दुमकी. बाकी कुणाला तो दिसला नाही, हे आपलं नशीब. एकदा गावानं गोठ्याच्या वाटेवर पिंजरा लावला. सकाळी बघतात तर आत तिचा नवरा धर्माजी, उकिडवा बसलेला. वाडी आठवडाभर हसली. धर्माजी पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

"आता सुनेनं बोलायचं," कोंडाजी म्हणाला. "देवीसमोर दोन्हीकडचं ऐकायची रीत हाय."

"ती काय बोलंल? तोंड हाय का तिला?" येसूबाई थुंकली.

पूनमनं पदर मुठीत धरला.

"मी ह्यांना नको म्हणत न्हाय. माझं अंगच मिटून जातं. कुणी सुरी फिरवावी तसं होतं. रोज रोज तेच कसं सांगायचं? मग मी खोटं बोलते. आज उपास हाय म्हणते. बाहेर काहीतरी आलंय, वासरू वराडतंय म्हणते, आणि उठून ओट्यावर जाऊन बसते."

कुणीतरी फिस्सकन हसलं. पूनम बोलतच राहिली. डॉक्टरीण म्हणाली होती, पुष्कळ बायांना होतं असं. कुणाला बाळंतपणाच्या टाक्यांनी, कुणाला साखरेनं, कुणाला पाळी गेल्यावर. पूनमचं अंग आपोआप आवळून येतं, त्यात तिचा गुन्हा नाही. उपचारानं बरं होतं, पण वेळ द्यायला लागतो आणि नवऱ्यानं दमानं घ्यायला लागतं.

तेवढ्यात उजवी कळी हलली.

कळी पाषाणावरून घसरायला लागली. रिक्षावाल्यानं तर गाडी चालूसुद्धा केली.

येसूबाई पुढं झाली आणि तिनं अंगठ्यानं ती कळी पाषाणावर दाबून धरली.

देवीच्या कौलाला आजवर माणसाचा हात लागला नव्हता. कोंडाजीचं तोंड उघडं ते उघडंच. खांबाला टेकलेला धर्माजी हळूहळू सरळ झाला.

येसूबाईनं अंगठा काढला नाही. मागं वळूनही बघितलं नाही. खेकडे पळवणारा तो आवाज आता शेजारी उभ्या सुनेला जेमतेम ऐकू आला.

"पूनम, त्या डॉक्टरणीला इचार गो, रितेशच्या वयाचा बिबट्या जातो का."