वहीतला चढता आकडा
खोटं वाटेल तुम्हाला, पण २००३ साली माझ्या सुजलेल्या फुप्फुसांवर पुण्याच्या डॉक्टरांनी पेप्टाइड नावाच्या नव्या औषधाची चाचणी घेतली. प्रथिनाचा बारका तुकडा, वाफेतून ओढायचा. ओढला की तासभर श्वास मोकळा. श्वास मोजायची नळी घरी दिलेली, रोज फुंकून आकडा वहीत लिहायचा. आकडा घसरला तर चाचणीतून नाव कटतं, असं आमच्या केडगावात कुणीतरी सांगितलेलं. पण माझ्या घरच्या वहीतला आकडा रोज चढतच गेला. तिसऱ्या महिन्यात मी सांगितलं, "साहेब, काल केडगावहून दौंडपर्यंत पॅसेंजर गाडीच्या पुढं पळालो!" डॉक्टरांनी वही चाळली. "मारुतराव, तुम्ही बरे झालात. आजपासून औषध बंद, ते दुसऱ्या पेशंटला देऊ." डॉक्टरांपुढं कधी न बोलणारी आमची कारभारीण ताडकन उठली. "थांबा साहेब! ह्यांना न्हाणीपर्यंत चालवत न्हाई. वहीतले आकडे शेजारच्या नौशादचे हाईत, त्यो लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवतो!"