गाळलेला ठोका

सर, ढोलकीतल्या तर्कावरचा माझा निबंध तुम्ही न वाचताच नापास केलात. वर लाल शाईनं शेरा मारलात, ‘तर्क वाक्यांत असतो, ढोलकीत नसतो.’

म्हणून मी ढोलकी गळ्यात अडकवूनच तुमच्या खोलीत आले. तुम्ही म्हणालात, “बाई, हा तर्कशास्त्र विभाग आहे, तमाशाचा फड नाही.” चाळिशीत घ्यायला निघालेली माझी पदवी तुमच्या सहीवाचून अडली होती, तरी मी वाद घातला नाही. मी वाजवलं.

तिहाई घेतली. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा ठोका बरोबर समेवर टाकायचा. पहिला तुकडा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याचा शेवटचा ठोका मी मुद्दाम गाळला आणि हात हवेतच धरला.

तरीही ठोका पडला, धप्प! तुमचाच हात टेबलावर आपटला होता.

दारातले शिपाईमामा ओरडले, “वा सर, सम गाठलीत की!” तुम्ही आधी हाताकडे बघितलंत, मग बशीत चहा सांडेपर्यंत हसलात. मीही हसले.

पण सही अजून झालेली नाही. दोन तुकडे ऐकून निष्कर्ष तुम्हीच काढलात. मग सांगा सर, तो कुठल्या वाक्यात होता?