खांद्याच्या उंचीची पानं

सणाच्या सुट्ट्यांसाठी घरोघरी दारं सजवून देणाऱ्या सजावटवाल्याला आजींनी बजावलं होतं, "वर प्लास्टिकची पानं चालतील, तिथवर कुणाची नजर जाते! पण खांद्याच्या उंचीला खरीच लाव. मुलगे, सुना, नातवंडं, घर नुसतं भरतं माझं. येता-जाता खांदे घासले की काय वास सुटतो!"

सुट्ट्या संपल्यावर तो सजावट उतरवायला आला. बाकीच्या घरांत खालच्या पानांचा पार चोळामोळा झाला होता, निम्मी तर गळूनच गेली होती. इथे मात्र पानं बांधली तशीच, जागच्या जागी वाळली होती. एकही चुरगळलेलं नव्हतं.

"यंदा तर पाय ठेवायला जागा नव्हती बघ," दारात उभ्या आजी म्हणाल्या.

"दिसतंय की, आजी," तो त्यांच्याकडे पाठ करून म्हणाला आणि हातातली पानं त्याने हळूच मुठीत दाबली. "नुसता चुरा झालाय पानांचा."

वाळकी पानं करकरली. तो आवाज आजींच्या कानांवर गेला.

"पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या, "खालीसुद्धा प्लास्टिकचीच लाव, बाबा."