हिरव्या रंगातला हात

रविवारी दुपारपर्यंत करडा रंग सुटला आणि खाली हिरवा लागला. त्या हिरव्यात, बटणाच्या शेजारी, एक अंगठा उमटलेला होता.

सदाशिवने रिमूव्हरचा डबा खाली ठेवला. ताथवड्यातल्या त्याच्या रो-हाउसच्या पार्किंगचं दोन महिन्यांत वर्कशॉप झालं होतं. गाडी बिचारी बाहेर उन्हात. मधोमध उभी पट्ट्याची करवत: बिडाची, पुरुषभर उंच, वर-खाली दोन मोठी चाकं आणि त्यांवर फिरणारा दातेरी पट्टा. चिंचवडच्या ज्या कंपनीत त्याने तीस वर्षं काढली ती बंद पडली, तेव्हा हे एकच मशीन त्याने हट्टाने मागून आणलं. दुसऱ्या कुणाच्या हाती जायला नको, एवढंच तो बायकोला म्हणाला होता.

नीलिमाने कटकट केली नाही. रिटायर माणूस दिवसभर टीव्हीसमोर बसण्यापेक्षा हे बरं. उलट तिने त्याच्या रबरी हातमोज्याच्या एका बोटाला दोऱ्याची गाठ मारून दिली, कुठे अडकायला नको म्हणून.

अंगठा पाहून तिनेच विचारलं, हा अर्जुनरावांचा तर नसेल? तो पॉलिश पेपर शोधायला लागला.

अर्जुनराव त्याच्याच शॉपमधला, ओतकामासाठी लाकडी नमुने बनवणारा कारागीर. तिथे दहाही बोटं शाबूत घेऊन रिटायर होणारा विरळाच. अर्जुनरावाची सगळी शाबूत होती, आणि त्याच्या बायकोला, सोजरबाईला, त्याचा कोण अभिमान. बावीस वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी दरवर्षीसारखा सगळ्या मशीनना ताजा हिरवा रंग दिला. सकाळी तो अजून ओलसर होता. बाकीची मंडळी हार-नारळाच्या गडबडीत. पूजेआधी नवा पट्टा चढवून ठेवू म्हणून अर्जुनराव आत गेला, आणि चाकं फिरली.

चौकशीत ठरलं की त्याचाच हात बटणावर पडला. ओरडा ऐकून सगळ्यांत आधी पोचला होता तो फोरमन सदाशिव, आणि त्याने तसं लिहून दिलं. त्या दिवसानंतर मशीनला कोणी शिवलं नाही. पुढे कधीतरी हिरव्यावर तसाच करडा मारला गेला.

स्वतःच्या चुकीने गेला. सोजरबाईने हे बावीस वर्षं ऐकलं. दहाव्याला ऐकलं, मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीतही ऐकलं.

सदाशिवने तो अंगठा पॉलिश पेपरने घासला, बीड उघडं पडेपर्यंत. रेड ऑक्साइड दिलं, पुट्टी भरली, वर नवा हिरवा मारला. बुधवारी सकाळी त्या नव्या हिरव्यात अंगठा होता. शेजारी पहिलं बोटही होतं.

पुट्टी बसली असेल, त्याने स्वतःची समजूत घातली. पण अर्धं आयुष्य पुट्टीत गेलेला माणूस तो. पुट्टी अशी बसत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पुन्हा घासलं, पुन्हा रंगवलं. शुक्रवारी तळवा आला, करंगळी आली. वाकून आत बघताना कुणी मशीनचा आधार घ्यावा, तसा टेकलेला हात. सगळं बीड गारढोण आणि तेवढीच जागा कोमट. सदाशिवला सरळसरळ भीती वाटायला लागली. जेवण जाईना.

त्यात नीलिमाने घोळ घातला. चांगल्या मनाने घातला, म्हणून तिला बोलायचीही सोय नाही. तिने राजगुरुनगरला फोन लावून सोजरबाईला सांगून टाकलं की तुमच्या मालकांचा शेवटचा हात मशीनवर निघालाय. सोजरबाई फोनवरच रडली. म्हणाली, काचबिंदूने डोळे गेले माझे, पण त्या हातावर एकदा हात ठेवू द्या, मग मी मरायला मोकळी.

शनिवारी सदाशिवने ती जागा ग्राइंडरने तासून काढली. वर रंगाचे चार हात दिले. रविवारी सकाळी बॅटरी तिरकी धरून पाहिलं. सगळं सपाट. त्याच्या जिवात जीव आला.

दहा वाजता रिक्षा आली. नीलिमाने सोजरबाईला धरून आणलं आणि मशीनसमोर स्टुलावर बसवलं. सदाशिवने हातमोजे घालूनच लांबून नमस्कार केला आणि ठरवलेलं बोलून टाकलं: वहिनी, रंगाबरोबर गेला हो तो हात, माफ करा.

"असू द्या, भावजी," ती म्हणाली. "जागा तरी दावा."

नीलिमाने तिचा तळवा बटणाशेजारी टेकवून दिला आणि चहा टाकायला आत गेली. सोजरबाई हसली.

"हाय की हितं."

सदाशिवने वाकून पाहिलं. हिरवा रंग, त्याच्यावर काही नाही. पण तिची बोटं एकेक करून खाचेत उतरत होती. अंगठा बसला, पहिलं बोट बसलं, करंगळी बसली. एका बोटाशी ती अडखळली. ते बोट तिने पुन्हा ठेवून पाहिलं, मग तिसऱ्यांदा. तिचं हसू मावळलं.

"आमच्या मालकांची बोटं लई लांब हुती," ती हळूच म्हणाली. मग तिने हात पुढे केला.

"उठवा मला, भावजी. उजवा हात द्या."

न देऊन कसं चालेल? त्याने दिला. हातमोज्याची गाठ तिच्या बोटांना लागली. तिने मोजा ओढून काढला आणि अंगठ्यापासून सुरुवात करून त्याची बोटं सावकाश चाचपली. उमेदवारीत रंध्याने खाल्लेलं मधलं बोट जिथे अर्ध्यावर संपत होतं, तिथे तिचा हात थांबला.