समद्या तांड्याची जन्मतारीख

सरकारी कारभार कॉम्प्युटरवर जाणार, अशी बातमी पेपरात आली की गोरेगावच्या हॉटेलात तातेराव गुरुजींच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "माणूस चुकतो, कॉम्प्युटर चुकत न्हाई. लिहून ठेवा!" तीस वर्षं तांड्यावरच्या शाळेत मास्तरकी केलेला माणूस, त्यांच्यापुढं कोण बोलणार?

दोन हजार चार साली शाळेचं जुनं रजिस्टर खरंच कॉम्प्युटरवर चढलं. छापील यादी घेऊन त्यांचाच जुना विद्यार्थी थावरा तणतणत हॉटेलात आला.

"गुरुजी, तुमच्या कॉम्प्युटरनं घोळ केला बघा. माझी जन्मतारीख एक जून, ती बराबर हाय. पण ह्यानं तर समद्या तांड्यालाच माझी तारीख लावून टाकली!"

गुरुजींनी यादी हातात घेतली. शाळेत नाव घालताना ज्या आईला लेकराची तारीख सांगता आली नव्हती, तिच्या लेकरापुढं त्यांनीच बिनदिक्कत एक जून लिहिलं होतं. हॉटेलातले सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

 

"मशीनच ते, बाबा," यादीची घडी घालत गुरुजी म्हणाले. "चुकायचंच."